जुझेप्पे तार्तिनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायोलिन शिकणारे, शिकवणारे आणि नुसतेच आवडीने ऐकणारे लोक तार्तिनीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना सैतानाच्या स्वप्नाबद्दल जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे. पण वेळ कमी असेल तर सरळ प्रश्न ८ वाचा. तार्तिनी गुरू म्हणून काय होता हे तिथे कळतं, आणि माझ्या मते तोच खरा तार्तिनी.

१. तार्तिनी नेमका कोण? मला फक्त नाव माहीत आहे.

अठराव्या शतकातला व्हायोलिनवादक, संगीतरचनाकार, शिक्षक आणि संगीतशास्त्रावर लिहिणारा विचारवंत. जन्म ८ एप्रिल १६९२, पिरान इथे. मृत्यू २६ फेब्रुवारी १७७०, इटलीतल्या पादुआ इथे. १७२१ मध्ये पादुआच्या संत अँथनीच्या बॅसिलिकात मुख्य व्हायोलिनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. मधली प्रागमधली तीन वर्षं सोडली तर उरलेलं सगळं आयुष्य त्याने तिथेच काढलं. पॅरिस-लंडनकडून बोलावणी आली, तीही त्याने नाकारली. विद्यार्थी मात्र दूरदूरच्या देशांतून त्याच्या दाराशी येत राहिले.

२. तो इटालियन होता की स्लोव्हेनियन? दोन्हीकडे त्याला आपला म्हणतात.

पिरान आज स्लोव्हेनियात आहे, पण १६९२ मध्ये ते व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होतं. वडील मूळचे फ्लोरेन्सचे, मिठागरांच्या कारभारात अधिकारी. आई पिरानच्याच घरंदाज कुटुंबातली. घरची आणि कामाची भाषा इटालियन. तेव्हा ‘इटालियन संगीतकार’ म्हणणं योग्यच आहे. पण पिरानचा त्याच्यावरचा हक्कही तितकाच खरा. गावातल्या मुख्य चौकाला त्याचं नाव आहे, १८९६ पासून मधोमध त्याचा पुतळा उभा आहे आणि जन्मघर जपून ठेवलेलं आहे. तिकडे ट्रिएस्टेच्या संगीत महाविद्यालयालाही तार्तिनीचंच नाव आहे.

३. तो आधी वकील होणार होता आणि मग पळून गेला, हे खरं का?

आईवडिलांना त्याला धर्मगुरू करायचं होतं. तो पादुआला कायदा शिकायला गेला, पण तिथे त्याचं नाव झालं ते तलवारबाजीत. १७१० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने एलिझाबेत्ता प्रेमाझोरेशी लग्न केलं. हे लग्न पादुआच्या बिशपना रुचलं नाही, आणि तार्तिनीला शहर सोडावं लागलं. असिसीच्या फ्रान्सिस्कन मठात त्याला आसरा मिळाला आणि तिथल्या एकांतात त्याने व्हायोलिनवर गंभीरपणे काम सुरू केलं.

मठातल्या पडद्याची गोष्ट पुष्कळ जण विचारतात: तो पडद्याआडून वाजवत असताना वाऱ्याने पडदा उडाला आणि पादुआच्या कुणीतरी त्याला ओळखलं. जुन्या चरित्रांतून ती चालत आली आहे. मी ती आख्यायिका म्हणूनच सांगतो.

४. दुसऱ्याचं वादन ऐकून त्याने मैफली सोडून पुन्हा रियाज सुरू केला, असं म्हणतात. कोणाचं वादन?

फ्रान्चेस्को मारिया वेराचिनीचं. १७१६ मध्ये तार्तिनीने त्याला व्हेनिसमध्ये ऐकलं. तेव्हा तार्तिनी चोवीस वर्षांचा होता, ऑर्केस्ट्रात वाजवत होता आणि चांगलं वाजवत होता. पण वेराचिनीच्या बोमधली (व्हायोलिनच्या गजामधली) ताकद आणि रंग ऐकून आपल्या हातात काय नाही हे त्याला लख्ख कळलं. परंपरेने सांगितलं जातं ते असं: पत्नीला पिरानला आपल्या भावाकडे पाठवून तो अँकोनाला गेला आणि स्वतःला बोच्या अभ्यासाला जुंपून घेतलं.

माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा प्रसंग. पुढे त्याने जे जे शिकवलं त्याचं मूळ इथे आहे. वेराचिनीकडून त्याने एकही धडा घेतला नाही. नुसतं ऐकलं, आणि उणीव कुठे आहे ते ओळखलं. ती उजव्या हातात होती. चव्वेचाळीस वर्षांनी एका मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने पहिली गोष्ट कोणती सांगितली, ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

५. सैतानाने स्वप्नात येऊन त्याला सोनाटा शिकवला का?

ही गोष्ट तार्तिनीनेच सांगितली म्हणून टिकली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद इटलीत फिरत असताना त्याला ती कळली आणि १७६९ मध्ये त्याने ती आपल्या प्रवासवर्णनात छापली. तिचा सारांश असा. १७१३ मध्ये एका रात्री तार्तिनीला स्वप्न पडलं की त्याने सैतानाला आपला आत्मा विकला आहे आणि सैतान त्याची प्रत्येक इच्छा पुरी करतो आहे. त्याने सहज आपलं व्हायोलिन सैतानाच्या हाती दिलं, तर असा काही अप्रतिम सोनाटा (एखाद-दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) ऐकू आला की श्वासच थांबला. जाग येताच त्याने वाद्य उचललं आणि ऐकलेलं पकडायचा प्रयत्न केला. हाती लागली ती रचना त्याच्या स्वतःच्या मते त्याची सर्वोत्तम. तरीही ऐकलेल्यापुढे ती इतकी फिकी की दुसरा काही उपजीविकेचा मार्ग असता, तर त्याने व्हायोलिन फोडून संगीत सोडलं असतं.

लोक यातला सैतान लक्षात ठेवतात. मला शेवटचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. कानात वाजणारं आणि हातातून निघणारं यांच्यातलं अंतर ज्याने रोज सोसलं आहे, त्याला ते परकं वाटणार नाही.

६. म्हणजे ‘डेव्हिल्स ट्रिल’ नावाचा हा सोनाटा १७१३ चा आहे, असं लिहिलं तर चालेल?

नाही. १७१३ हे स्वप्नाचं वर्ष आहे. जी मायनर सोनाटाची शैली पाहून बहुतेक अभ्यासक तो बऱ्याच नंतरचा, १७४० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा मानतात. तो छापला गेला थेट १७९८ मध्ये, तार्तिनीच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, पॅरिसला जे. बी. कार्तिए यांनी काढलेल्या संग्रहात.

आज मैफलीत वाजतो तो बहुतेक वेळा व्हायोलिनवादक क्राइस्लर यांनी पियानोसाथीसह केलेला आणि शेवटी स्वतःचा लांब कॅडेन्झा (एकट्या वादकाचा करामतीचा भाग) जोडलेला पाठ. तो कॅडेन्झा सुंदर आहे, पण तार्तिनीचा नाही. मूळ रचनेत एकट्या व्हायोलिनला साध्या बासची साथ आहे. अवघड भाग शेवटच्या हालचालीत (रचनेच्या शेवटच्या भागात) येतो: एका तारेवर ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची झपाट्याने अदलाबदल) अखंड चालू ठेवायची आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी दुसऱ्या तारेवर स्वर वाजवायचे.

७. त्याची शाळा कशी होती? इमारत वगैरे आहे का?

१७२७-२८ च्या सुमारास त्याने पादुआत नियमित शिकवायला सुरुवात केली. इतक्या देशांचे विद्यार्थी जमले की लोक तिला ‘राष्ट्रांची शाळा’ म्हणू लागले. सरकारी संस्था नव्हे, एका माणसाभोवती उभी राहिलेली शाळा. गुरुगृह म्हटलं तर आपल्याला लवकर समजेल. व्हायोलिनबरोबर काउंटरपॉइंटही (अनेक सुरावटी एकत्र गुंफण्याचं शास्त्र) शिकवला जाई.

शिष्यांत पिएत्रो नार्दिनी सगळ्यात जवळचा. त्याच्या सुराच्या गोडव्याचं लिओपोल्ड मोझार्टने मनापासून कौतुक केलं आहे. पास्क्वाले बिनी, जर्मनीचे योहान गॉटलीब ग्राउन आणि नाउमान, फ्रान्सचा पाजँ हे आणखी काही. पाजँ गुरूवर इतका निष्ठावान की पॅरिसला परतून त्याने तार्तिनीच्याच रचना वाजवायचा हट्ट धरला आणि त्यापायी श्रोत्यांची नाराजी ओढवून घेतली. तार्तिनीच्या अखेरच्या आजारात नार्दिनी त्याच्या शुश्रूषेसाठी पादुआला आला होता.

८. ते प्रसिद्ध पत्र कोणतं? त्यात नेमकं काय लिहिलं आहे?

५ मार्च १७६० रोजी तार्तिनीने मादालेना लोम्बार्दिनी या चौदा वर्षांच्या मुलीला पादुआहून लिहिलेलं पत्र. ती व्हेनिसच्या मेंदिकांती अनाथाश्रमाच्या संगीतशाळेत शिकत होती. १७७० मध्ये ते छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. काही पानांचंच आहे, पण व्हायोलिन शिकवण्यावर इतकं नेमकं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही.

तो बोपासून सुरुवात करतो. बो तारेवर टेकण्याचा पहिला क्षण इतका हलका हवा की सुराचा आरंभ श्वासासारखा वाटावा, आघातासारखा नाही. मनगट हलकं ठेवून बो टेकताच पुढे चालू लागायचा, मग हवा तेवढा दाब द्यायचा. आरंभ मऊ झाला की पुढे कर्कशपणाची भीती उरत नाही. हे बोच्या टोकाला, मध्याला, मुठीपाशी, खाली येताना आणि वर जाताना, सगळीकडे साधायचं.

त्यासाठी व्यायाम एकच. खुली तार घ्यायची, उदाहरणार्थ ए. अगदी ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजात सूर सुरू करायचा आणि तो हळूहळू फुलवत पूर्ण ताकदीपर्यंत न्यायचा. रोज निदान एक तास, पण सलग नाही: थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी. तो म्हणतो, हाच अभ्यास सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड. खर्ज भरणाऱ्या आपल्या गायकाला यात नवीन काही वाटणार नाही. एकच सूर, पण त्याचा जन्म, वाढ आणि विलय तिन्ही आपल्या ताब्यात.

मग मनगटाची चपळाई. संगीतकार कोरेल्लीच्या पाचव्या ओपसमधल्या (रचनासंचातल्या) सलग सोळांश स्वरांच्या फ्यूग (एकच सुरावट पाठोपाठ येत राहते असे भाग) रोज वाजव, असं तो सांगतो. अशा तीन आहेत आणि पहिली डी मेजरच्या पहिल्या सोनाटात आहे. प्रत्येक स्वर सुटा आणि दाणेदार, दोन स्वरांमध्ये किंचित मोकळी जागा असलेला. आधी बोच्या टोकाने, ते जमलं की टोक आणि मध्य यांच्या दरम्यान, मग मध्यावर. एकदा खालच्या बोने सुरू करायचं, एकदा वरच्या. गती रोज थोडी वाढवायची.

डाव्या हातासाठी तो कुठलीही व्हायोलिनची ओळ घ्यायला सांगतो: कॉन्चेर्टोतली (ऑर्केस्ट्रासह एका वाद्याच्या रचनेतली), मासमधली (चर्चच्या प्रार्थनासंगीतातली), स्तोत्रातली, काहीही. ती नेहमीच्या जागी न वाजवता पहिलं बोट पहिल्या तारेवरच्या जी वर ठेवून, म्हणजे आजच्या दुसऱ्या पोझिशनमध्ये, हात जराही न हलवता वाजवायची. पाहताक्षणी वाजेल इतकी सवय होईपर्यंत. मग पहिलं बोट ए वर, मग बी वर, मग सी वर. इतकं झालं की फिंगरबोर्ड तुझ्या हुकमतीत आला.

शेवटी ट्रिल. संथ, मध्यम आणि जलद, तिन्ही हवेत, कारण संथ रचनेतली ट्रिल जलद रचनेत शोभत नाही आणि उलटही. खुल्या तारेवर एका लांब बोमध्ये ती अगदी सावकाश सुरू करायची आणि कळणारही नाही अशी वाढवत वेगाला न्यायची. टप्प्याटप्प्याने उडी मारायची नाही. आपल्याकडे दुगुणीतून एकदम चौगुणीत जातात तसं इथे नको.

९. त्या मुलीचं पुढे काय झालं?

ती मोठी व्हायोलिनवादक आणि रचनाकार झाली. १७६७ मध्ये लोदोविको सिर्मेन या व्हायोलिनवादकाशी लग्न करून ती आश्रमाबाहेर पडली, पॅरिस आणि लंडनमध्ये वाजवलं, आणि तिचे कॉन्चेर्टो व चौकड्या (चार तंतुवाद्यांच्या रचना) छापल्या गेल्या. १८१८ मध्ये ती वारली. पत्राचं नाव निघालं की तिला नुसती ‘पत्र मिळालेली विद्यार्थिनी’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्या चौकड्या एकदा जरूर ऐका.

१०. ‘तिसरा सूर’ म्हणजे काय?

दोन तारा एकत्र, जोरकस आणि अगदी सुरेल वाजवल्या की त्यांच्या खाली एक तिसरा सूर गुणगुणताना ऐकू येतो. तो कुठल्याच तारेवर वाजत नसतो. तार्तिनीच्या सांगण्याप्रमाणे त्याला हा १७१४ मध्ये अँकोनात सापडला. पुढे त्याने आपल्या शास्त्राची उभारणी यावरच केली आणि १७५४ मध्ये ‘त्रात्तातो दी मूझिका’ हा ग्रंथ छापला. छापील उल्लेखात मात्र जर्मनीचा संगीतशास्त्री झोर्गं १७४५ मध्ये त्याच्या आधी आहे.

गणित सोपं आहे: तिसऱ्या सुराची कंपनसंख्या म्हणजे दोन सुरांमधली वजाबाकी. खुली ई तार ६६० आणि ए तारेवरचा सी शार्प ५५० धरला तर तिसरा सूर ११०, म्हणजे खुल्या ए च्या दोन सप्तकं खालचा ए. ए ला षड्ज मानलं तर आपण गंधार आणि पंचम वाजवतो आहोत आणि खालून षड्ज उत्तर देतो आहे.

आता सी शार्प फक्त ५ ने चढा घ्या, ५५५. वरच्या दोन सुरांत तो फरक लगेच जाणवेलच असं नाही. पण खालचा सूर ११० वरून १०५ वर येतो, जवळजवळ अर्धा स्वर घसरतो. म्हणून तार्तिनी विद्यार्थ्यांना सांगायचा की हा खालचा सूर ऐकू येत नसेल, तर तुमचे जोडसूर जुळलेले नाहीत. सूर तपासायला यापेक्षा कडक परीक्षक नाही.

शास्त्र म्हणून त्याचा ग्रंथ दुर्बोध आहे आणि त्यातलं गणित गणितज्ञांना पटलं नाही. काही तिसरे सूर त्याने एक सप्तक वर मोजले. कान मात्र खरा होता.

११. मला तो तिसरा सूर ऐकूच येत नाही. आणि तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार तो हाच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार हा खर्जाच्या तारेचाच वरचा उपस्वर, पाचपट कंपनसंख्येचा. तो तारेत खरोखर असतो. तिसरा सूर दोन्ही सुरांच्या खाली असतो आणि मुख्यतः आपल्या कानाच्या आतल्या रचनेत तयार होतो. दोन्हींत सारखेपणा एकच: सूर पक्का लागला नाही तर दोन्ही भेटत नाहीत.

ऐकू येत नसेल तर वरच्या तारांवर वाजवा, बो लांब आणि सलग ठेवा, व्हायोलिन कानाजवळ आहे याचा फायदा घ्या. वरचा सूर बोटाने अगदी किंचित हलवत राहा. स्थिर सुरापेक्षा सरकणारा तिसरा सूर लवकर ओळखू येतो. खोलीत बसलेल्या दुसऱ्या माणसाला तो ऐकू येईलच असं नाही.

१२. त्याच्या रचना किती? कुठून ऐकायला सुरुवात करू?

व्हायोलिनचे सुमारे १३० कॉन्चेर्टो आणि दीडशेच्या वर सोनाटे. बऱ्याच रचना हस्तलिखितात राहिल्या, काहींचं कर्तृत्व वादात आहे, म्हणून वेगवेगळ्या याद्यांत आकडे जुळत नाहीत. ‘डेव्हिल्स ट्रिल’ बाजूला ठेवून आधी पहिल्या ओपसमधला ‘दिदोने आब्बांदोनाता’ नावाने ओळखला जाणारा जी मायनर सोनाटा ऐका, मग कुठल्याही कॉन्चेर्टोची संथ मधली हालचाल. ‘पिक्कोले सोनाते’ शेवटी ठेवा. त्यांना बासची ओळ आहे, पण ती केवळ रीत म्हणून. आपण त्या साथीशिवायच वाजवतो, असं त्याने मित्र आल्गारोत्तीला कळवलं होतं.

अभ्यासकांसाठी ‘लार्ते देल आर्को’ आहे: कोरेल्लीच्या एका गाव्हॉटवर (नृत्यरचनेवर) बोच्या तंत्राची पन्नास रूपं.

१३. त्याने ऑपेरा का लिहिला नाही?

व्हेनिसची नाट्यगृहं मागे लागली होती, पण गळा म्हणजे व्हायोलिनची मान नव्हे, असं त्याचं म्हणणं. एकाच माणसाने दोन्हींत हात घालावा हे त्याला पटत नव्हतं.

१४. हस्तलिखितांवर गूढ लिपी आहे म्हणतात. सैतानाशी संबंध?

लिपी आहे, सैतान नाही. अनेक कॉन्चेर्टोंच्या वर त्याने स्वतः रचलेल्या सांकेतिक चिन्हांत ओळी लिहून ठेवल्या होत्या. विसाव्या शतकात त्या उलगडल्या तेव्हा कळलं की त्या कवितेच्या ओळी आहेत, काही कवी मेतास्तासिओच्या नाटकांतल्या. शब्द नसलेल्या संगीताच्या मुळाशी तो शब्द ठेवत होता, आणि ते कुणाला दाखवायची गरज त्याला वाटली नाही. प्रश्न १३ मधला माणूस गाण्यापासून किती जवळ होता हे इथे दिसतं.

१५. तार्तिनीचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो ऐकला. तो त्याचाच का?

संगीत त्याचं, वाद्य नाही. मूळ व्हायोलिन कॉन्चेर्टोचं ते नंतर केलेलं रूपांतर आहे. चेलोसाठी मात्र त्याने स्वतः लिहिलं. पादुआत आणि प्रागमध्ये त्याचा सोबती असलेला आंतोनिओ वांदिनी चेलिस्ट होता.

१६. चोरीला गेलेलं व्हायोलिन त्याचंच होतं का?

१७१५ चं ‘लिपिन्स्की’ स्ट्राडिव्हेरियस. ते तार्तिनीकडे होतं असं परंपरेने मानलं जातं. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला ते वादकाच्या हातून लुटलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात सुखरूप सापडलं.

१७. मी नोकरी करून शिकतो, रोज अर्धा तासच मिळतो. पत्रातलं काय करू?

एक तासाचा आकडा पाहून पत्र मिटून ठेवू नका. दहा मिनिटं खुल्या तारेवर सूर फुलवा, पण दोन वाट्यांत: पाच सकाळी, पाच रात्री. सलग दहापेक्षा याने जास्त फरक पडतो, माझ्या विद्यार्थ्यांतही पडला आहे. मग दहा मिनिटं कोरेल्लीची फ्यूग, निम्म्या गतीत, टोकाने. गती महिनाभर वाढवली नाही तरी चालेल, दाणा स्वच्छ हवा. पाच मिनिटं कुठलीही अनोळखी ओळ दुसऱ्या पोझिशनमध्ये. उरलेली पाच ट्रिलला द्या, एका दिवशी एकच बोट. करंगळीला आठवड्यात दोन दिवस ठेवा. तार्तिनीनेही तिच्यासाठी जास्त मेहनत सांगितली आहे, कारण सगळ्या भावंडांत ती धाकटी.